पत्ते, मार्ग आणि विलंब : लहान इंटरनेट सेवादारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी किंवा उपनगरात इंटरनेट सेवा देणारे व्यावसायिक आणि महाविद्यालये, रुग्णालये, पतसंस्था यांची नेटवर्क सांभाळणारी मंडळी यांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतील बहुतेक प्रश्नांची सुरुवात "नेट स्लो आहे" या वाक्याने होते आणि उत्तर शोधू लागले की कालचा, गेल्या आठवड्याचा किंवा बिघाडापूर्वीचा आकडा लागतो. तो आकडा नोंदवलेला नसेल, तर उत्तराऐवजी अंदाज हाती येतो. म्हणून पुढील प्रत्येक उत्तरात काय करावे याइतकेच काय मोजावे आणि काय लिहून ठेवावे यावर भर दिला आहे.

प्रश्न : आयपीव्ही४चे पत्ते संपले असे म्हणतात. मग नव्या सेवादाराला पत्ते मिळतात कसे?

आयपीव्ही४ ही इंटरनेटवरील यंत्रांना पत्ते देण्याची जुनी पद्धत. तिचा पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होऊ शकतात आणि त्यांतील बरेचसे विशेष कामांसाठी राखून ठेवलेले आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे मोठे गट जगातील पाच प्रादेशिक निबंधकांना वाटण्यात आले. आशिया-प्रशांत विभागाचे निबंधक असलेल्या, ब्रिस्बेन येथील एपीनिकने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून आपला अखेरचा गट काटकसरीने वाटायला सुरुवात केली. २०१९ पासून एका नव्या सभासदाला जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते, अशी मर्यादा आहे (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान). भारतात निक्सी या संस्थेचा आयआरआयएनएन हा विभाग राष्ट्रीय निबंधक म्हणून हे काम करतो. याखेरीज ज्यांच्याकडे पत्ते पडून आहेत अशांकडून ते रीतसर हस्तांतरित करून घेता येतात. तसे करताना त्या पत्त्यांचा पूर्वेतिहास जरूर तपासावा, कारण जुन्या मालकाच्या काळात ते स्पॅमच्या काळ्या यादीत गेले असतील, तर आपल्या ग्राहकांचे ईमेल पहिल्या दिवसापासून परत येऊ लागतात.

प्रश्न : सीजीनॅट वापरले की काम भागते ना?

काही प्रमाणात भागते. अनेक ग्राहकांना १००.६४.०.०/१० या राखीव गटातील पत्ते देऊन एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर पाठवण्याची ही पद्धत आहे. या गटात सुमारे ४१.९ लाख पत्ते आहेत आणि तो २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखला गेला. मर्यादा येते ती पोर्टची, म्हणजे एकाच पत्त्यावरील वेगवेगळी संभाषणे ओळखणाऱ्या क्रमांकांची. एका पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट असतात. सुरुवातीचे १,०२४ वगळून प्रत्येक ग्राहकाला १,००० पोर्टांचा गट दिला, तर एका पत्त्यावर ६४ ग्राहक बसतात. एका पत्त्यावर दोन-तीनशे ग्राहक बसवले, की संध्याकाळी आठनंतर काहींचे पान अर्धवट उघडते, कारण त्या घरातील पाच मोबाइल आणि टीव्ही मिळून पोर्ट संपवून टाकतात. घरच्या सीसीटीव्हीचे चित्र बाहेरगावाहून थेट पाहणेही अशा ग्राहकाला जमत नाही. शिवाय कोणता पोर्टगट कोणत्या वेळी कोणाकडे होता याची नोंद ठेवावीच लागते. पोलिसांकडून विचारणा आल्यावर केवळ सार्वजनिक पत्ता सांगून भागत नाही, पोर्ट आणि अचूक वेळही लागते. पोर्टगट ठरावीक ठेवले तर ही नोंद फार लहान होते, म्हणून मी नेहमी तोच सल्ला देतो.

प्रश्न : पत्त्यांचा हिशेब एक्सेलच्या तक्त्यात ठेवला तर चालेल का?

तक्ता एकच असेल, तो एकच माणूस भरत असेल आणि बदल राउटरवर करण्यापूर्वी तक्त्यात होत असेल, तर चालेल. या तीन अटी एकत्र टिकलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

एका ठिकाणी दोन ग्राहकांची एकच तक्रार होती : जोडणी कधी चालते, कधी चालत नाही. दोन्हीकडची फायबर स्वच्छ होती, प्रकाशाची पातळी योग्य होती आणि राउटर बदलूनही फरक पडला नव्हता. तिसऱ्या दिवशी मुख्य राउटरचा मार्गतक्ता, म्हणजे कोणते पत्ते कोणत्या वाटेने पाठवायचे याची यादी, ओळ न् ओळ वाचला, तेव्हा एकाच /२९ गटासाठी दोन स्थिर (हाताने लिहिलेले) मार्ग दिसले, एक पहिल्या ग्राहकाकडे जाणारा आणि दुसरा दुसऱ्याकडे. दोन्हींचे प्राधान्य सारखे असल्याने राउटर इमानेइतबारे निम्मी संभाषणे इकडे आणि निम्मी तिकडे वाटत होता. कार्यालयात तक्त्याच्या दोन प्रती होत्या आणि दोन सहकाऱ्यांनी आपापल्या प्रतीतील 'रिकामा' गट आपापल्या ग्राहकाला दिला होता. राउटरचे काहीच चुकले नव्हते, चुकली होती ती वही. त्यानंतर त्या मंडळींनी नेटबॉक्स ही मुक्त प्रणाली बसवली. त्यात एकच गट दुसऱ्यांदा देऊ न देण्याची सोय चालू करता येते. कोणतीही प्रणाली घ्या, पण प्रत्येक गटासमोर ग्राहक, दिल्याची तारीख, देणाऱ्याचे नाव आणि परत घेतल्याची तारीख या चार गोष्टी असायलाच हव्यात.

प्रश्न : आयपीव्ही६ आत्ताच घ्यावे का, आणि ग्राहकाला त्यातील किती पत्ते द्यावेत?

घ्यावे. आयपीव्ही६ ही कितीतरी अधिक पत्ते देणारी नवी पद्धत आहे. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून भारतातील मोबाइल वाहतुकीचा फार मोठा भाग आयपीव्ही६वर आहे आणि या बाबतीत भारत जगातील आघाडीच्या देशांत मोडतो. मोठ्या व्हिडिओ आणि समाजमाध्यम सेवा आयपीव्ही६वर असल्यामुळे ते सुरू केल्याच्या दिवसापासून सीजीनॅटवरचा भार उतरू लागतो. ही बचत यंत्राच्या किमतीत मोजता येते.

वाटपात मात्र आयपीव्ही४ची कंजुषी आणू नये. सेवादाराला साधारणतः /३२ मिळतो आणि त्यात १,६७,७७,२१६ एवढे /५६ गट बसतात. प्रत्येक घराला एक /५६ दिला, तर त्या घरात २५६ स्वतंत्र जाळी करता येतात आणि संपूर्ण जिल्हा जोडला तरी साठा संपत नाही. संस्थांना /४८ द्यावा. घराला एकच /६४, म्हणजे एकच जाळे, दिला, तर पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय करू पाहणाऱ्या ग्राहकाची अडचण होते. गटांची आखणी ठिकाणानुसार करावी, म्हणजे एका पॉपखालील (स्थानिक जोडणी केंद्राखालील) सर्व ग्राहक एकाच मोठ्या गटात येतात आणि मार्गतक्ता आटोपशीर राहतो.

प्रश्न : काही संकेतस्थळे लगेच उघडतात, काही अर्धवट येऊन अडकतात. पिंग तर व्यवस्थित येतो. हे काय आहे?

पॅकेट म्हणजे माहितीचा एक गठ्ठा आणि पिंग म्हणजे चाचणीचे लहान पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहणे. बहुतेक वेळा हा पॅकेटच्या आकाराचा प्रश्न असतो. इथरनेटवर १,५०० बाइटांचे पॅकेट जाते, तर पीपीपीओई या ग्राहक जोडण्याच्या पद्धतीच्या आवरणामुळे ग्राहकाच्या जोडणीवर १,४९२ बाइटच उरतात. पॅकेट मोठे असेल, तर वाटेतील राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा, म्हणजे अडचणी कळवणाऱ्या भाषेतला, निरोप देऊन ते लहान करायला सांगायचे असते. 'सुरक्षेसाठी' म्हणून कोणी सर्व आयसीएमपी बंद केले असेल, तर तो निरोप पोहोचत नाही आणि मोठे पॅकेट गुपचूप हरवत राहते. पिंगचे पॅकेट लहान असल्याने ते सुखरूप पोहोचते. १,४६४ बाइट माल (मथळ्यासह १,४९२) घेऊन आणि तुकडे न करण्याची खूण लावून पिंग करून पाहावा. तो गेला आणि १,४६५चा गेला नाही, तर निदान झाले. राउटरवर टीसीपी या माल पोहोचवणाऱ्या भाषेचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधील मालाची कमाल मर्यादा, आयपीव्ही४साठी १,४५२ आणि आयपीव्ही६साठी १,४३२ वर बांधावा. आयसीएमपी सरसकट बंद करणे ही सवय सोडावी, कारण आयपीव्ही६मध्ये वाटेतील राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही आणि सर्व भिस्त त्या निरोपावरच असते.

प्रश्न : स्वतःचा एएस क्रमांक केव्हा घ्यावा?

एएस क्रमांक हा स्वतंत्र नेटवर्कचा ओळखक्रमांक. तो घ्यावा दोन वेगवेगळ्या अपस्ट्रीमकडून (आपल्याला इंटरनेट विकणाऱ्या मोठ्या सेवादारांकडून) जोडणी घ्यायची असेल किंवा एक्स्चेंजवर (नेटवर्क एकत्र येतात त्या ठिकाणी) पीअरिंग, म्हणजे थेट वाहतुकीची देवाणघेवाण, करायचे असेल तेव्हा. एकाच अपस्ट्रीमवर कायम राहायचे असेल, तर घाई नाही.

प्रश्न : बीजीपी नेमका मार्ग ठरवते कसा? आमची एक लाइन भरून वाहते आणि दुसरी रिकामी राहते.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कांचा समूह आहे आणि 'हे पत्ते माझ्याकडे आहेत' असे ही नेटवर्क एकमेकांना ज्या भाषेत सांगतात ती बीजीपी होय. तिची पहिली आवृत्ती १९८९ची आहे. तिच्यात अंतर, विलंब किंवा लाइनवरील गर्दी यांपैकी काहीही मोजले जात नाही, हे आधी मनात पक्के करावे. सर्वांत नेमका, म्हणजे सर्वांत लहान गटाचा, मार्ग नेहमी जिंकतो. गट सारखाच असेल, तर नेटवर्कच्या मालकाने लावलेले स्थानिक प्राधान्य पाहिले जाते आणि तेही समान असेल, तर वाटेतील नेटवर्कांची संख्या मोजली जाते. स्थानिक प्राधान्य बहुधा पैशावर ठरते : ग्राहकाकडून आलेला मार्ग आधी, पीअरचा नंतर आणि विकत घेतलेला सर्वांत शेवटी.

बाहेर जाणारी वाहतूक कोणत्या लाइनने पाठवायची हे त्यामुळे पूर्णपणे आपल्या हाती असते, पण येणारी वाहतूक कोणत्या लाइनने येईल हे समोरचे नेटवर्क ठरवते आणि आपण केवळ सुचवू शकतो. घरगुती ग्राहकांची बहुतांश वाहतूक येणारी असते, म्हणूनच हा प्रश्न वारंवार उभा राहतो. रिकाम्या लाइनकडे वाहतूक वळवण्यासाठी भरलेल्या लाइनवरील जाहिरातीत (पत्ते आपल्याकडे असल्याच्या घोषणेत) आपला एएस क्रमांक दोन-तीनदा जोडून वाट लांब भासवणे, अपस्ट्रीमने दिलेल्या कम्युनिटी (मार्गासोबत पाठवायच्या सूचनाखुणा) वापरणे किंवा /२३चे दोन /२४ करून एकेका लाइनवर एकेक जाहीर करणे, असे तीन उपाय आहेत. दुसरा उपाय सर्वांत सभ्य आहे. तिसरा लगेच लागू पडतो, परंतु त्याने जगभराच्या मार्गतक्त्यात भर पडते आणि हा तक्ता आयपीव्ही४साठी आताच सुमारे १० लाख मार्गांचा झाला आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी तो ५,१२,००० च्या पुढे गेला, तेव्हा जुन्या राउटरांची स्मृती अपुरी पडून अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली होती. /२४ जाहीर करताना सोबत मूळ /२३ दोन्ही लाइनवर जाहीर ठेवावा, म्हणजे एक लाइन तुटली तरी वाट उरते.

प्रश्न : दुसऱ्याच कोणी आमचे पत्ते जाहीर केले तर?

२४ फेब्रुवारी २००८ रोजी हेच यूट्यूबच्या बाबतीत घडले. सरकारी आदेशानुसार देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग तयार केला, पण तो देशाबाहेर हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीमकडे गेला आणि तेथून जगभर पसरला. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ असा मोठा गट जाहीर करत होते. /२४ अधिक नेमका असल्यामुळे जगातील वाहतूक पाकिस्तानकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब बहुतेकांना दिसेनासे झाले. मधल्या वेळेत यूट्यूबने तोच /२४ आणि त्याहून नेमके दोन /२५ जाहीर करून वाहतूक परत खेचण्याचा प्रयत्न केला. शेवटी अपस्ट्रीमने चुकीचा मार्ग मागे घेतल्यावर प्रकरण मिटले. येथे कोणी कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता. सांगितलेले खरे आहे का, हे अपस्ट्रीमने विचारले नाही, एवढेच झाले.

आज यावर आरपीकेआय ही व्यवस्था आहे. 'या गटाची जाहिरात या एएस क्रमांकानेच करावी आणि ती इतक्या लांबीपर्यंतच असावी' अशी सही केलेली नोंद, म्हणजे आरओए, आपण करून ठेवतो. ज्या निबंधकाकडून पत्ते मिळाले, त्याच्याच व्यवस्थेतून ती करायची असते. तपासणारा राउटर प्रत्येक जाहिरातीला वैध, अवैध किंवा नोंद नसलेली असा शेरा देतो आणि अवैध जाहिरात टाकून देतो. येथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे /२२ची आरओए कमाल लांबी २२ ठेवून करणे आणि पुढे वाहतूक वळवण्यासाठी /२४ जाहीर करणे : आपलाच मार्ग अवैध ठरतो आणि काही ठिकाणांहून ग्राहक दिसेनासे होतात. दुसरी म्हणजे 'असू द्या' म्हणून कमाल लांबी २४ करून ठेवणे : आपण /२४ जाहीर करत नसू, तर आपला एएस क्रमांक शेवटी चिकटवून दुसरा कोणी ते करू शकतो आणि शेरा वैध येतो. जे जाहीर करतो तेवढ्याचीच आरओए करावी.

प्रश्न : आमचे पॅकेट पुण्याहून पुण्यातल्याच सर्व्हरकडे सिंगापूरमार्गे जाते. हे कसे ओळखावे?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद लागतो. पुणे-मुंबई फायबरचे अंतर पावणेदोनशे किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदांहून कमीच लागतात. यंत्रांचा वेळ धरून चार-पाच यावेत. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर असल्याने तेथे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांपेक्षा कमी लागणे शक्यच नाही. त्यामुळे पुण्यातल्या पुण्यात साठ मिलिसेकंद दिसले, की पॅकेट शहराबाहेर फार दूर जाऊन आले आहे हे भूगोलच सांगतो. कारण असे की आपल्या अपस्ट्रीमचे आणि समोरच्याच्या अपस्ट्रीमचे भारतात पीअरिंग नसते आणि दोघे सिंगापुरात भेटतात. देशातील वाहतूक देशातच राहावी यासाठीच २००३ मध्ये निक्सीची स्थापना झाली. आज मुंबईत निक्सीबरोबर डीई-सिक्ससारखी खासगी एक्स्चेंजेसही आहेत. मुंबईपर्यंतची लाइन परवडत असेल, तर एक्स्चेंजवरील एक पोर्ट हा लहान सेवादाराने केलेला सर्वांत फलदायी खर्च ठरतो, असे माझे मत आहे.

प्रश्न : ट्रेसराउटमध्ये मधल्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसतो. अपस्ट्रीमला तक्रार करावी का?

ट्रेसराउट पॅकेटच्या वाटेतील एकेका राउटरची ओळ दाखवतो आणि लॉस म्हणजे हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण. आधी त्या टप्प्याच्या पुढच्या ओळी पाहाव्यात. समजा एमटीआरमध्ये (सतत चालणाऱ्या ट्रेसराउटमध्ये) चौथ्या टप्प्यावर ६० टक्के लॉस आहे, पाचव्यावर शून्य, सहाव्यावर शून्य आणि शेवटच्या ठिकाणीही शून्य आहे. चौथ्या राउटरने खरोखर पॅकेट टाकले असते, तर त्यातून पुढे जाणाऱ्या सर्वांवर तो लॉस दिसला असता. तसे नाही, याचा अर्थ तो राउटर पॅकेट नीट पुढे पाठवतो, फक्त आपल्या चौकशीला उत्तर देण्याचे काम दुय्यम मानून मर्यादित ठेवतो. याउलट चौथ्यापासून शेवटपर्यंत ५, ६, ५, ५ टक्के असा लॉस असेल, तर दोष खरा आहे आणि तो तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांच्या मध्ये किंवा परतीच्या वाटेवर आहे.

ही परतीची वाट बहुतेकजण विसरतात. ट्रेसराउट फक्त जाण्याची वाट दाखवतो, परत येणारे पॅकेट भलत्याच वाटेने येत असू शकते. म्हणून शक्य असेल तेव्हा समोरच्या बाजूने आपल्याकडे ट्रेसराउट करून घ्यावा. त्यासाठी मोठ्या नेटवर्कांचे लूकिंग ग्लास (त्यांच्या राउटरवरून चाचणी करू देणारी संकेतस्थळे) उपयोगी पडतात. राइप ॲटलास या प्रकल्पाची हजारो लहान मापनयंत्रेही जगभर बसवलेली आहेत. आपण एक यंत्र बसवले की मोजमापाचे गुण मिळतात आणि त्यांच्या बळावर परदेशातील यंत्रांकडून आपल्याकडे मोजमाप करवून घेता येते.

प्रश्न : स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, तरी व्हिडिओ कॉल तुटतो. का?

कारण स्पीड टेस्ट रस्त्याची रुंदी सांगते आणि कॉलला रांगेतील थांबा भोवतो. ग्राहकाची अपलोड १० एमबीपीएस आहे आणि त्याच्या राउटरमध्ये १ मेगाबाइटचा बफर (पॅकेटांची रांग थांबवण्याची जागा) आहे असे समजा. घरात कोणी फोटोंचा बॅकअप लावला की तो बफर भरतो, आणि ८० लाख बिट १० एमबीपीएसने बाहेर पडायला ८०० मिलिसेकंद लागतात. कॉलचे प्रत्येक पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. तपासणी सोपी आहे. पिंग चालू ठेवावा, मोठी फाइल अपलोडला लावावी आणि आकडा पाहावा. ८ मिलिसेकंदांचा पिंग ५००-६००वर गेला, तर दोष रांगेचा आहे. एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांगव्यवस्था असलेला राउटर लावून वेगमर्यादा लाइनच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधली, की तोच पिंग बहुधा वीस-तीसच्या आत राहतो. अशा ग्राहकाला वरचा प्लॅन विकणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : परदेशातील सर्व्हरवरून डाउनलोड फार हळू होते, इथले मात्र झटपट होते. लाइन तर तीच आहे.

टीसीपी पोच येईपर्यंत ठरावीक मालच पाठवते. ही खिडकी ६४ किलोबाइटांची असेल आणि फेरी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांची असेल, तर लाइन कितीही जाड असो, एका जोडणीला सुमारे २.६ एमबीपीएसच मिळतात. नव्या प्रणालींत खिडकी आपोआप वाढते, पण तेथे लॉस आडवा येतो. जुन्या पद्धतीच्या टीसीपीला १०० मिलिसेकंदांच्या फेरीवर १ टक्का लॉस असताना साधारण १.४ एमबीपीएस मिळतात आणि लॉस ०.०१ टक्क्यावर आणला की १४. म्हणजे जवळच्या सर्व्हरवर ज्याचा पत्ताही लागत नाही, तो थोडासा लॉस दूरच्या सर्व्हरवर डाउनलोड पार मंदावून टाकतो. खराब स्प्लाइस (फायबरचा सांधा) किंवा मळका कनेक्टर शोधण्यासाठी दूरच्या सर्व्हरची तक्रार म्हणूनच उपयोगाची असते.

प्रश्न : समुद्राखालील केबल तुटली की आम्ही काय करायचे?

भारतातून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबल तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमार्गे जातात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातील वापरकर्त्यांनाही त्याची झळ बसली. अशा वेळी वाहतूक सिंगापूरमार्गे किंवा लांबच्या वळणाने जाते आणि युरोपकडचा विलंब वाढतो. आपले दोन्ही अपस्ट्रीम पश्चिमेकडच्या एकाच केबलवर अवलंबून नाहीत ना, हे करार करतानाच विचारावे.

प्रश्न : सरासरी पाहावी की आणखी काही?

विलंबासाठी केवळ सरासरीवर कधीही विसंबू नये. १०० पिंगांपैकी ९५ ला १० आणि ५ ला ५०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी ३४.५ येते आणि असा अनुभव एकाही पॅकेटला आलेला नसतो. मध्यक आणि ९५वा पर्सेंटाइल (ज्याच्या आत ९५ टक्के नोंदी येतात तो आकडा) असे दोन्ही नोंदवावेत. अपस्ट्रीमचे बिलही बरेचदा ९५व्या पर्सेंटाइलवर असते : ३० दिवसांत पाच-पाच मिनिटांच्या ८,६४० नोंदी होतात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या ४३२, म्हणजे ३६ तासांच्या, वगळल्या जातात. मात्र पाच मिनिटांच्या सरासरीत क्षणभराची गर्दी दिसत नाही. आलेख ४० टक्के दाखवत असतानाही पोर्ट पॅकेट टाकत असू शकतो, म्हणून आलेखाशेजारी पोर्टचा ड्रॉप काउंटरही ठेवावा.

प्रश्न : अपस्ट्रीमला तक्रार करताना काय पाठवावे?

दोन्ही टोकांचे पत्ते, जाण्याचा आणि शक्य असल्यास परतीचा एमटीआर किमान दोनशे पॅकेटांचा, बिघाड सुरू झाल्याची वेळ आणि त्याच मार्गाचा बिघाडापूर्वीचा आलेख. स्मोकपिंगसारखी साधी प्रणाली दहा-बारा ठिकाणांकडे सतत पिंग करत राहिली, तर हा आलेख आयता मिळतो. वेळ लिहिताना भारतीय प्रमाणवेळ की जागतिक वेळ, हे स्पष्ट लिहावे. मार्गबदलांच्या सार्वजनिक नोंदी जागतिक वेळेत असतात आणि साडेपाच तासांच्या फरकाने भलताच बदल दोषी ठरू शकतो. सर्व राउटरांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवण्याच्या व्यवस्थेने जुळवलेली असावीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे तसेही बंधनकारक आहे. तक्रारीत 'स्लो' हा शब्द वापरू नये. "२०.१० पासून या गटाकडे विलंब ३८ वरून ९६ मिलिसेकंदांवर गेला असून तिसऱ्या टप्प्यानंतर मार्ग बदलला आहे" एवढे वाक्य लिहिले, की ते वाचणारा अभियंता थेट तिसऱ्या टप्प्यापासून शोध सुरू करू शकतो.